अनुभव : शून्य वर्षं

सकाळचे पावणेनऊ. घणसोली स्टेशनच्या फलाटावर तू उभी आहेस. बीएस्सी आयटीचा निकाल हातात पडला आणि कॉलेजचा ग्रुप थंडावला. मोबाइलवर चार क्लासेसच्या जाहिराती उघड्या आहेत : फुल स्टॅक जावा, डेटा सायन्स, क्लाउड, सायबर सिक्युरिटी. चारहींवर 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स', त्यातला 'असिस्टन्स' मुंगीएवढ्या अक्षरात. नोकरीच्या अॅपवर पहिलीच ओळ : फ्रेशर पाहिजे, अनुभव एक ते दोन वर्षं.

बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. माथाडी वसाहतीतल्या घरातून ते पहाटेच निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "एकदाचं काय ते ठरव बाई. मला त्यातलं काय कळत न्हाय."

ठाण्याकडची गाडी येते. चढायला पाय उचलतेस आणि खालचा फलाट नाहीसा होतो.

साल १९७९. रूळ नाहीत, काचेच्या इमारती नाहीत. भाताची खाचरं, खाडीच्या कडेला मिठागरं आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकांची रांग. हवेत नाकात बसणारा रसायनांचा उग्र दर्प. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन होऊन नऊ वर्षं झालीत, गावांच्या जमिनी संपादनात गेल्यात. गावातल्या शिकल्या पोरांची महत्त्वाकांक्षा एकच : नोसिल किंवा हर्डिलिया ह्या रसायन-कंपन्यांत चिकटायचं. कंपनीची बस, कंपनीचं कँटीन, दिवाळीला बोनस. 'नोसिलला आहे' एवढ्यावर लग्नं जुळतात. बीएस्सी करायचं ते केमिस्ट्रीत. तू 'आयटी' म्हणालीस तर लोकांना आयटीआय ऐकू येईल.

कॉम्प्युटर बघायचा तर खाडी ओलांडावी लागते. वाशीच्या पुलाला सहाच वर्षं झालीत. बसने मुंबई गाठतेस, एका कंपनीच्या मशीनरूमपाशी पोचतेस. दाराबाहेर चपला काढायच्या, धूळ आत न्यायची नाही. आत एसीचा गारठा. बाहेर उन्हात माणसं घामेजलेली आणि इथं यंत्रासाठी हिवाळा. प्रोग्रॅम म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर ऐंशी रकाने, बहुधा एकच ओळ. गठ्ठा देऊन घरी जायचं, उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला तर उत्तर तिसऱ्या दिवशी. गठ्ठा हातातून सटकून जमिनीवर पसरला तर देवाचं नाव घ्यायचं.

तू विचारतेस, "अनुभव किती लागतो?"

समोरचा हसतो. "हितं कुणाला आहे?"

ते खरंही आहे. टीसीएस १९६८ची. सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३चं, तिथली टाटा-बरोज आत्ता कुठं सुरू झालीय. सरकारने परदेशी भांडवल कमी करा म्हटल्यावर आयबीएम गेल्याच वर्षी देश सोडून गेली. अनुभवी माणूस आणायचा कुठून? म्हणून कोडी घालतात, तर्क बघतात आणि आत घेतात. आदल्याच वर्षी पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेला नंदन निलेकणी नावाचा पोरगा असाच पटनी कॉम्प्युटर्समध्ये मुलाखतीला गेला. मुलाखत घेणारे होते नारायण मूर्ती. दोन वर्षांनी, १९८१मध्ये, पटनीतली ही मंडळी बाहेर पडतील आणि पुण्यात इन्फोसिस नोंदवतील. ही गोष्ट प्रत्येक करिअर-मेळाव्यात सांगतात. मात्र ते दार आयआयटीवाल्यांचं होतं, हे सांगायचं राहून जातं. तुझ्यासारखीला उघडं असलेलं दार बाजूचं : पंच ऑपरेटर. ओळीने बसलेल्या बायका-मुली, बोटं यंत्रासारखी चालताहेत. काही वर्षांत कार्डं जातील, टर्मिनल येतील. त्या वेळी ज्या मुलींनी शेजारच्या प्रोग्रॅमरला "हे कशासाठी?" असं विचारून ठेवलेलं असेल, त्यांना पुढचं काम लवकर उमगेल. नुसत्या बोटांच्या वेगाचं मोल मात्र कार्डांबरोबर जाईल. हे लक्षात ठेव, लागणार आहे.

१९९३ला फार थांबू नकोस. मानखुर्दहून वाशीला लोकल सुरू होऊन वर्ष झालंय. स्टेशनची इमारत विमानतळाएवढी आणि माणसं तुरळक. बँकांत लेजर पोस्टिंग मशीन आलीत, युनियनवाले धुमसताहेत. सेक्टर सतरामधल्या क्लासच्या पाटीवर वर्डस्टार, लोटस, डीबेस. हे शिकलेले फार काळ तगले नाहीत, कारण वर्डस्टारच तगलं नाही. चल.

१९९९. इथं मात्र उतर.

आता तुला कुणी शून्य म्हणत नाही. नाक्यानाक्यावर कोबोलचे क्लास लागलेत. कारण हास्यास्पद आहे. साठ-सत्तरच्या दशकांत मेमरी सोन्याच्या भावाची, म्हणून साल चार आकड्यांऐवजी दोन आकड्यांत लिहिलं. १९७५च्या जागी ७५. आता २००० येणार, यंत्राला दिसणार शून्य-शून्य, आणि ते समजणार १९००. मग ठेवीचं व्याज उणे, विम्याची मुदत संपलेली, पेन्शनर जन्मायचाच बाकी. जगभरच्या बँका, विमा कंपन्या, विमानसेवा ह्यांच्या जुन्या कोडमधून प्रत्येक तारीख हुडकायची आणि दुरुस्त करायची. अमेरिकेत इतकी माणसं नाहीत. भारतात आहेत, स्वस्त आहेत, इंग्रजी वाचतात. एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजार केलीय. महापेला मिलेनियम बिझनेस पार्क ह्याच सुमाराला आकार घेतोय. नावातच सहस्रक.

क्लासमध्ये बस आणि बघ. कोबोलची सक्तीची 'डिव्हिजन्स' पाठ म्हणणारी चाळीस पोरं. त्यात कॉमर्सचे आहेत, मेकॅनिकलचे आहेत, नोसिलमधून कंटाळून आलेला एक केमिस्ट आहे. मास्तर सांगतात, "भाषा सोपी आहे, सहा आठवड्यांत डॉलर." शेजारचा मुलगा व्हिसाच्या फोटोला लागणारा कोट भाड्याने कुठं मिळतो ते विचारतो.

मग तुला रात्रपाळीच्या एका ऑफिसात घेऊन जातो. दोन मुलं, दोन स्क्रीन, काम एकच. दोघं रात्रभर कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळी वाचताहेत. पहिला तारीख शोधतो, दोनचे चार करतो, पुढं जातो. बिल वेळेत, टीम लीड खूश. दुसरा अडतो. व्याज तिमाहीच्या शेवटच्या दिवशीच का मोजलंय? सुट्टी आली तर? तो कुणाला तरी ईमेल लिहितो, अमेरिकेतल्या बँकेतली एखादी म्हातारी कारकून त्याला चार ओळींत समजावते. त्याचं काम मागं पडतं, तो बोलणी खातो.

३१ डिसेंबरच्या रात्री जगभर लोक मशीनपाशी जागत बसतात. १ जानेवारी २००० उजाडतो, आणि मोठं असं काहीही होत नाही. म्हणजे काम चोख झालं होतं. चोख झालेल्या कामाचं बक्षीस म्हणून कोबोलच्या जाहिराती हटतात. १० मार्चला नॅस्डॅक शिखरावर पोचतो, तिथून घसरतो तो अडीच वर्षं घसरतच राहतो. आता क्लासची पाटी 'जावा, ई-कॉमर्स'. कोट भाड्याने घेतलेला मुलगा परत येतो.

पहिला मुलगा त्या लाटेत कुठं गेला ते मला दाखवता येत नाही. दुसरा राहिला, कारण त्याला कोबोलपेक्षा बँक जास्त कळली होती. बँका आजही कोबोलवर चालतात, बऱ्याच. आणि व्याज तिमाहीला का मोजतात हे समजणारा माणूस अजूनही सापडायला कठीण आहे.

२००३. कोपरखैरणे. रिलायन्सच्या नॉलेज सिटीतून देशभरचं नेटवर्क चालतंय, जुलैत ५०१ रुपयांत फोन हातात देणारी 'मान्सून हंगामा' योजना आलीय. कॉल सेंटर, बिलिंग, टॉवरची देखरेख ह्यांसाठी भराभर भरती. इंजिनिअर मंडळी नाकं मुरडतात : "हे काय आयटी आहे?" पगाराची स्लिप मात्र वेळेवर येते. पुढल्याच वर्षी ठाणे-वाशी रेल्वे सुरू होईल आणि तू ज्या फलाटावरून निघालीस तो खरोखरच अस्तित्वात येईल.

२००९, ऐरोली. गेल्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली, जानेवारीत सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून हिशेबच खोटे असल्याचं सांगितलं. तुझ्या हातात ऑफर लेटर आहे, त्यावर रुजू व्हायची तारीख नाही. एचआर फोन उचलत नाही, उचलला तर "वी विल कीप यू पोस्टेड". घरी पेढे वाटून झालेत. दूरच्या मामाने विचारलंय, "अजून जॉइन नाही?" असल्या काळात कंपनी कुणाला घेते? नव्या प्रकल्पाला कुणी नाही, पण जे आधीपासून चालू आहे ते बंद पडून कसं चालेल? त्यासाठी सपोर्टवाले, टेस्टर, रात्री दोनला फोन उचलणारे. सगळे ज्याला 'दुय्यम' म्हणतात ते काम.

जाता जाता रस्त्यालगतचा पटनी नॉलेज पार्क बघून घे. २०११मध्ये आयगेट पटनी विकत घेईल, २०१५मध्ये कॅपजेमिनी आयगेट विकत घेईल. तीच इमारत, तीच मेस, तीन पाट्या. आतल्या मुलाने जॉइन करताना कुठल्या 'ब्रँड'साठी उपास केले होते ते विचारू नकोस. हे मी खास तुझ्या आईसाठी दाखवतोय, जिला 'नाव असलेली कंपनी' हवी आहे.

पुढची दोन स्टेशनं गाडी थांबत नाही, खिडकीतून बघ. २०२१-२२ : सगळे घरून काम करताहेत, एकट्या टीसीएसने वर्षात एक लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसने पंच्याऐंशी हजार. २०२३-२४ : त्याच टीसीएसची माणसं १३,२४९ने कमी, इन्फोसिसची जवळजवळ २६ हजारांनी. मधे ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं. फ्रेशरचा पगार मात्र दशकभराहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास बसून आहे. ह्या बाबतीत उद्योगाने कमालीचं सातत्य दाखवलंय.

उतर आता, रबाळे. आजची तारीख.

इथं तुझ्या ओळखीच्या रस्त्याला लागून खिडक्या नसलेल्या इमारती आहेत. रोज लोकलमधून दिसतात, कधी आत काय आहे ते विचारलंस? डेटा सेंटर. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा देशातल्या सर्वांत मोठ्या डेटा सेंटरच्या पट्ट्यांपैकी एक, तिकडं पनवेलला योट्टाचं अवाढव्य केंद्र २०२०पासून उभं आहे. कारणं सरळ आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. एमआयडीसीची जमीन आणि वीज इथं आहे. आणि एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटची माहिती देशातच साठवा. तुझ्या बाबांनी मार्केटातल्या टपरीवर जीपेने दिलेल्या चहाच्या पैशांची नोंद कदाचित ह्याच भिंतींआड असेल.

दारात दोनदा तपासणी, मोबाइल जमा. आत रॅकच्या रांगा. एका गल्लीत थंड वाऱ्याचा झोत, पलीकडच्या गल्लीत सर्व्हरचा गरम उच्छ्वास. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पिवळ्या फायबरच्या जुड्या, तळाला बॅटऱ्या, बाहेर जनरेटर. वरच्या मजल्यावर नॉक, म्हणजे नेटवर्कवर डोळा ठेवणारी खोली. भिंतभर स्क्रीन, तीन पाळ्या. तिथं एक ताई बसलीय, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. स्क्रीनवर एक चौकोन लाल होतो. ती तिकीट उघडते, लॉग वाचते, खालच्या माणसाला पोर्ट बघायला पाठवते, बँकेच्या माणसाला फोन लावते. चौकोन हिरवा.

"कुठलं कॉलेज?" तू विचारतेस.

"वाशीचं. बीएस्सी आयटी. क्लास नाही केला गं कुठला. लिनक्स इथंच शिकले, आधी रात्री मशीन बंद पाडून आणि मग शिव्या खाऊन."

आता हिशेब मांडू. पंच कार्ड, वर्डस्टार, कोबोल, जावा, आणि आता तुझ्या चार टॅबमधलं जे काही असेल ते. प्रत्येक वेळी पोरं विचारत आली, "कुठली टेक्नॉलॉजी घेऊ?" ह्या प्रश्नाचं बरोबर उत्तर कुठल्याही सालात कुणाकडं नव्हतं. ज्यांचं बरं झालं ते कामाजवळ जाऊन बसले होते, जाणत्या माणसांच्या शेजारी, जिथं काही बिघडलं की त्यांनाही उठावं लागायचं. तुझ्या बाबांना मार्केटात पहिल्या दिवशी कुणी अनुभव विचारला नव्हता. ते टोळीत गेले, मुकादमाने पाठीवर पोतं कसं घ्यायचं ते दाखवलं, महिन्याभरात माणूस तयार. तुला टेक्नॉलॉजी निवडायची नाहीये, टोळी निवडायची आहे.

खोटा दिलासा देणार नाही. जिन्याची पहिली पायरी अरुंद झालीय. एलवन, म्हणजे पहिल्या फळीच्या सपोर्टमध्ये कागदावर बघून उत्तर देणारं काम यंत्र घेतंय, दोनशे ओळींचा सोपा कोड यंत्र लिहितं, आणि ते तुझ्याहून जलद लिहितं. म्हणून तर क्लासमधल्या चाळीस जणांसारखाच शॉपिंग कार्टचा प्रकल्प रेझ्युमेवर टाकून काही होणार नाही. काय टाकशील? वसाहतीच्या सोसायटीच्या देखभालखर्चाचा हिशेब अजून वहीत आहे ना, तो डेटाबेसवर आण आणि तीन महिने खरोखर चालवून दाखव. चेअरमन काका पहिल्याच आठवड्यात असं काही विचारतील की ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मुलाखतीत तेच सांग. सोबत लिनक्सची ओळख, एसक्यूएल, आणि नेटवर्क म्हणजे काय ह्याची समज. एवढ्यावर बँकेच्या अॅप्लिकेशन सपोर्टला, टेस्टिंगला, नॉकला, सिक्युरिटीच्या देखरेखीला अर्ज करता येतो. डेव्हऑप्स आणि डेटा सायन्स सध्या सोड. त्या खोल्यांत बहुतेक लोक दुसऱ्या दारातून गेलेले असतात.

सीडॅकचं केंद्र खारघरला आहे, तिथला सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम चांगला. पण पात्रतेची अट फी भरण्याआधी वाच, सगळ्या पदव्यांना ते दार उघडं नसतं. केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत नाव नोंदव. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ला आली, पदवीधराला महिना दहा हजार, आधी सहा महिने आणि पुढं मुदत वाढवली. तिथं पुढं नोकरीची हमी नाही आणि मुलं त्यावरून आंदोलनंही करून बसलीत. तरी आस्थापना निवडायची संधी मिळाली तर जिथं सर्व्हर आहे तिथं जा, जिथं नुसत्या फायली आहेत तिथं नको.

आई रात्रपाळी म्हटलं की दचकणार. "पोरीच्या जातीला?" तिला सांग की राज्याच्या २०१७च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, ने-आणीची जबाबदारी मालकाची. गाडी दारापर्यंत येते की नाक्यापर्यंत, हे मुलाखतीतच विचार. आणखी विचार : माझ्या शेजारी कोण बसणार, त्याला किती वर्षं झालीत? मी कुठल्या ग्राहकाची यंत्रणा बघणार? बाँड आहे का, किती महिन्यांचा, मधे सोडलं तर किती रक्कम? ह्यावर एचआर चुळबुळ करू लागली तर ऑफर कितीही गोड असो, विचार कर.

एक राहिलं. नोकरीच्या त्या अॅपवर तुला कालच मेसेज आलाय : दोन वर्षांचं अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपांसह, हप्त्याने पैसे चालतील. हल्ली पडताळणीत तुझ्या यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या क्रमांकावरून, भविष्यनिर्वाह निधीची नोंद बघतात. ज्या कंपनीने तुझा एक रुपयाही पीएफ भरला नाही तिथं तू दोन वर्षं होतीस हे कागद सांगेल आणि नोंद नाकारेल. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनीही त्यावर काढून टाकतात. शून्य अनुभव लिहिणारीला उशिरा का होईना कुणीतरी बोलावतं, खोटं लिहिणारीचं नाव कंपनीच्या काळ्या यादीत जातं. बाबांच्या घामाचे पैसे आहेत ते. त्या माणसाचा नंबर आत्ताच ब्लॉक कर, आणि रबाळेला उतरून त्या ताईच्या कंपनीत अर्ज टाक.